आधी पाणी, मग दवाखाना

बॅटरीचं दुकान बाईमाणूस चालवते, हे लोकांना पटायला जरा वेळ लागतो. गाडीतून उतरलेला माणूस आधी आत डोकावतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "मिस्तरी कुठं गेलेत?" मी म्हणते, "मीच." तो पुन्हा एकदा आत डोकावतो. आत आमचे हे, म्हणजे रफीकभाई, खुर्चीवर बसलेले असतात. ते डाव्या हाताने माझ्याकडेच बोट करतात. मग गिऱ्हाईक नाइलाजाने बॅटरी खाली ठेवतं.

दुकान मूळचं यांचंच. नगरहून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला, रसवंतीच्या शेजारी. यांची उजवी बाजू लकव्याने गेली तेव्हा भाऊबंद म्हणाले, दुकान विकून टाका. मी म्हटलं, डोकं यांचं शाबूत आहे आणि हात माझे आहेत, दोघं मिळून एक मिस्तरी होतो. यांची जीभ तेव्हा जड झाली होती. ते काय सांगतात ते फक्त मला कळायचं. आता तर गिऱ्हाइकं मला सरळ "बॅटरीवाल्या भाभी" म्हणतात.

धंदा समजायला सोपा आहे. बॅटरी म्हणजे एक डबा. त्यात शिशाच्या प्लेटा, आणि त्या ॲसिड मिसळलेल्या पाण्यात बुडालेल्या. वापरात त्यातलं पाणी उडून जातं, ॲसिड मागेच राहतं. म्हणून कमी झालं की वरून फक्त डिस्टिल्ड पाणी घालायचं, ॲसिड नाही. बॅटरी चार्जिंगला लावली की आत गॅस तयार होतो आणि बुचांच्या भोकांतून बाहेर पडतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, पण एक ठिणगी त्याला पुरते. एवढं ज्याला कळलं त्याला निम्मा धंदा कळला.

उरलेला निम्मा धंदा म्हणजे ते ॲसिड. दिसायला पाण्यासारखं. बॅटरीतलं ॲसिड पातळ असतं, त्यामुळे हातावर उडालं तर पुष्कळदा लगेच चटका बसत नाही. माणूस तिथेच फसतो. पँटीला हात पुसतो आणि कामाला लागतो. थोड्या वेळाने खाज सुटते, मग आग होते, आणि तोवर ते कातडीत उतरलेलं असतं. आमच्या धंद्यातली माणसं तुम्ही कपड्यांवरून ओळखाल. धुतल्यावर चाळण होते त्यांची. माझ्या ओढण्यांनी तर किती पायपुसण्यांना जन्म दिलाय, त्याचा हिशेब नाही.

मी या ॲसिडच्या मागे हात धुऊन लागले ती पुणतांब्याच्या सिंधूताईंमुळे.

त्यांचे मालक माझ्याकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी आले होते. हातात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली. म्हणाले, "यात ॲसिड भरून द्या."

मी म्हटलं, "तुमच्या बॅटरीला ॲसिड नको, पाणी पाहिजे. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मी कुणालाच देणार नाही. घरी कुणी तोंडाला लावलं म्हणजे?"

"बाईमानसाला काय कळतंय," असं पुटपुटत ते गेले. त्यांनी दुसरीकडून कुठून तरी ती बाटली भरून घेतली. सिंधूताई मोटारसायकलवर मागे बसल्या होत्या. बाटली पिशवीत, पिशवी मांडीवर.

हे सगळं मला फार नंतर कळलं. एके दिवशी त्या एकट्याच दुकानात आल्या. मी ओळखलं नाही. त्यांनीच सगळं सांगितलं. राहुरीच्या पुढे मांडीला ओलं लागलं. त्यांना वाटलं, बाटलीत पाणीच असेल. मग चुणचुण सुरू झाली, मग आग. मालकांनी गाडी थांबवली, टपरीवरून टूथपेस्ट घेतली. एक बाई म्हणाली हळद लावा, तीही लावली. लुगडं तेच अंगावर, ओलंच. पुणतांब्याला पोचेपर्यंत मांडीची कातडी गेली होती. पुढे किती तरी महिने मलमपट्टी. अजून मांडी घालून बसता येत नाही म्हणाल्या.

"मला येकच इचारायचंय भाभी," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हनले, नुसतं पानी वतलं आसतं तरी लई फरक पडला आसता. खरं हाय का?"

खरं होतं. मी मान हलवली.

मग त्या म्हणाल्या, "आमी तर पान्यावरनंच गेलो. कोल्हारचा पूल वलांडला. रस्त्याला जागोजाग इहिरींवर पान्याच्या मोटारी चालू हुत्या. पन लुगडं सोडायची लाज वाटली, आन् पान्याचं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई."

त्या उठून गेल्या. त्यांना माझ्याकडून काही नको होतं, फक्त खरं काय ते हवं होतं. त्या दिवशी मी बॅटऱ्यांना हात लावला नाही. यांना म्हटलं, "आपल्या दुकानात कुणाच्या अंगावर उडालं तर काय करायचं, हे आपल्याला तरी नीट माहीत आहे का?" हे म्हणाले, खायचा सोडा टाकायचा. पूर्वीपासून सगळे तसंच करत आले होते.

आमच्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डोळ्यांच्या एक डॉक्टरबाई यायच्या. दवाखान्यातली गर्दी संपायची वाट बघून मी त्यांना भेटले. त्यांनी मला बसवून घेतलं आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली. ॲसिड लागलं की पहिलं औषध पाणी. साधं, स्वच्छ, वाहतं पाणी. लगेच, आणि पुष्कळ वेळ. कातडीला निदान वीस मिनिटं, डोळ्याला अर्धा तास. ओला कपडा, अंगठी, दोरा, जे काही तिथे असेल ते पाणी ओततानाच काढायचं. शर्ट डोक्यावरून ओढायचा नाही, कापायचा. चोळायचं नाही. तूप, हळद, टूथपेस्ट, चुना, काहीही लावायचं नाही. पाणी पुरेसं झालं की मग दवाखाना, आणि डोळ्याचं असेल तर वाटेतसुद्धा पाणी चालू.

"आणि सोडा?" मी विचारलं.

"सोडा फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी," त्या हसून म्हणाल्या. "माणसावर नाही. तो शोधण्यात वेळ जातो, आणि कातडीवर त्याची वेगळी आग होते."

त्यांनी मला खुर्चीत मागे टेकवून माझ्याच डोळ्यावर पाणी सोडून दाखवलं. पापण्या बोटांनी कशा उघडायच्या, धार नाकाकडून बाहेरच्या बाजूला कशी जाऊ द्यायची, म्हणजे एका डोळ्यातलं दुसऱ्यात जात नाही.

मी दुकानाच्या कडेला सिमेंटची टाकी बांधून घेतली. तिला नळी जोडली. शेजारी बाकडं टाकलं. सिंधूताईंची लाज माझ्या मनातून जात नव्हती, म्हणून बाकड्याभोवती पडदा लावला आणि आत खुंटीला धुतलेला गाऊन आणि लुंगी टांगून ठेवली. रबरी हातमोजे, कात्री आणि डोळे पुरते झाकणारे चष्मे दारातच. चष्मा घातल्याशिवाय कुणी बॅटरीजवळ वाकायचं नाही, हा नियम केला. सुटं ॲसिड विकणं बंद केलं ते कायमचं.

लोक हसले. रसवंतीवाला पोपट रोज विचारायचा, "भाभी, आज कुनाला अंघोळ घालायची?" गिऱ्हाईक म्हणायचं, हे काय चष्म्यांचं दुकान आहे का? काही जण तर चष्म्याचं नाव काढताच बॅटरी उचलून दुसऱ्या दुकानात गेले. हे म्हणायचे, "थोडं नरमाईने घे." मी घेतलं नाही.

आणि मग एका उन्हाळ्यात सोमनाथ आला.

सोमनाथ अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका गावचा. जीप चालवायचा. त्याच्या थोरल्या भावाला, नामदेवला, मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दोघं भाऊ लग्नाचं वऱ्हाड घेऊन नगरला आले होते. लग्न लागलं आणि जीप सुरू होईना. ढकलत माझ्या दुकानासमोर आणली. मी बॅटरी काढून चार्जिंगला लावली. वऱ्हाडातल्या बाया रसवंतीच्या सावलीला बसल्या.

दुपारी चार्जर बंद केला आणि सोमनाथला म्हटलं, "आता थोडी राहू द्या. गॅस निघून जाऊ दे, मग मीच बसवते."

"घाट हाय भाभी, उजेडी पोचायचंय," तो म्हणाला.

"पोचाल. जरा थांबा."

मी आत एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. तेवढ्यात त्याने बॅटरी उचलली, जीपमध्ये ठेवली आणि स्वतःच लांब पान्याने टर्मिनल आवळायला लागला. पाना एका टर्मिनलवरून घसरून दुसऱ्याला टेकला. ठिणगी उडाली. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. बॅटरीचं झाकण फुटलं आणि आतलं सगळं त्याच्या तोंडावर.

मी धावले तेव्हा तो दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा होता. हातांवरही तेच. हातमोजे घालायला लागलेला वेळसुद्धा मला त्या घडीला फार वाटला, पण घातले. माझे हात भाजले असते तर पापण्या कुणी धरल्या असत्या? त्याला ओढत बाकड्यावर आणलं, उताणा झोपवला, नळी सोडली. हात, तोंड, डोळे, सगळ्यांवर एकदमच. कात्रीने शर्ट कापला. गळ्यात काळा दोरा होता, भिजलेला. तोही कापला.

"आईनं बांधलाय!" तो ओरडला.

"आई दुसरा बांधेल. डोळे उघड."

डोळे उघडणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. माणूस सगळ्या ताकदीनिशी मिटून घेतो. मी एका हाताने पापण्या फाकवत होते आणि दुसऱ्या हाताने धार धरत होते. एकदा हा डोळा, एकदा तो. "वर बघ. खाली बघ. इकडे बघ." तो पाय झाडत होता. कुणी दूध घेऊन आलं, कुणी टूथपेस्ट. मी म्हटलं, "पाणी सोडून काही आणू नका!"

नामदेवने तोवर रिक्षा थांबवली होती. तो पडद्याच्या आत शिरला आणि सोमनाथचा दंड धरला. "उठ! दवाखान्यात चल!"

"अजून नाही," मी म्हटलं. "अजून धुवायचंय."

"मानूस मरतोय आन् तू त्याला पानी घालीत बसलीस? सोड त्याला!"

"आत्ता रिक्षात बसला तर दवाखाना येईपर्यंत ते ॲसिड डोळ्यातच राहील. आधी पाणी, मग दवाखाना. सोडणार नाही."

"बाई, हात काढ! तो आंधळा झाला ना, तर दुकान पेटवून दीन तुझं!"

त्याने माझा हात झटकला. धार बाजूला गेली. तेवढ्यात खुर्चीचा आवाज झाला. हे उठले होते. काठीही न घेता, भिंत धरत, पाय ओढत ते आले आणि डाव्या हाताने नामदेवचं मनगट धरलं. आयुष्यभर बॅटऱ्या उचललेला हात तो. नामदेवने हिसका दिला, पण मनगट सुटलं नाही. हे नुसते धरून उभे राहिले. मी पुन्हा धार धरली.

मग बाकड्यावरून सोमनाथच म्हणाला, "दादा, थांब. पानी पडतंय तवर आग कमी हाय. थांब जरा."

नामदेवचा हात सैल पडला. यांनीही मनगट सोडलं.

आणि तेव्हाच नळीची धार बारीक झाली.

त्या दिवशी आमच्या भागात पाण्याची पाळी नव्हती. टाकी निम्मीच होती, ती संपत आली होती. मी ओरडले, "पोपट, पाणी!" रोज माझी थट्टा करणारा पोपट ऊस तसाच चरकात सोडून प्यायच्या पाण्याचा जार खांद्यावर घेऊन आला. चहावाल्याने पिंप सरकवत आणलं. वऱ्हाडातल्या बायांनी प्रवासासाठी भरून घेतलेल्या बाटल्या आणल्या. एक म्हातारी तर आपला तांब्या हातात घेऊन रांगेत उभी राहिली. आणि रस्त्याच्या पलीकडच्या गॅरेजमधून दोन्ही हातांत बादल्या घेऊन, अर्धं पाणी स्वतःच्या धोतरावर सांडत नामदेव पळत आला. एक बादली ठेवली की दुसरी आणायला पळत होता. मी मगाने ओतत होते. हे पलीकडून सोमनाथचं डोकं डाव्या हाताने स्थिर धरून होते.

पुरेसं झालं असं वाटलं तेव्हा लुंगी गुंडाळून त्याला रिक्षात घातलं. उरलेला जार आणि हातातला मग बरोबर घेतला. सगळ्या रस्त्याने मी ओतत होते. रिक्षाची गादी, सोमनाथ, नामदेव, मी, सगळं चिंब. रिक्षावाल्याने मागे वळून एकदाच विचारलं, "भाभी, खड्डे चुकवू का जोरात नेऊ?" मी म्हटलं, "खड्डे चुकव." डोळ्याला बोट लागायला नको होतं.

त्याच डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी पापणीच्या आत ॲसिड ओळखणारी कागदाची एक पट्टी टेकवली, तिचा रंग बघितला आणि म्हणाल्या, "बरंच निघालंय. अजून थोडं धुऊ." त्यांनी पुन्हा सलाईनची बाटली लावून दोन्ही डोळे धुतले.

बाहेर बाकावर मी आणि नामदेव. दोघांच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. मग तो म्हणाला, "म्या काय काय बोललो तुमाला."

"भावासाठी बोललात."

"दुकान पेटवतो म्हनलो."

"त्यालाही पाणी लागलं असतं," मी म्हटलं. "तेवढं उरलंच नव्हतं."

तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. एवढा मोठा माणूस, तोंडावर ओला टॉवेल घेऊन. मी दुसरीकडे बघत बसले.

उजवा डोळा पूर्ण वाचला. डाव्यावर सगळा मारा झाला होता. त्याच्या बुबुळावर धुरकट डाग राहिला. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, पाणी मिळालं नसतं तर दोन्ही डोळ्यांचं काही सांगता आलं नसतं. तोंडावरची कातडी काळवंडली, मग हळूहळू सुधारली. पण डाव्या डोळ्याने समोरचा माणूस दिसतो, त्याचा चेहरा ओळखू येत नाही. जीप सुटली. घाटात माणसं भरून गाडी चालवायची जोखीम त्याने स्वतःच नको म्हटली. तो डोळा मला अजून खुपतो. पाण्याने सगळं परत मिळत नाही, हे मी कुणापासून लपवत नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी दोघं भाऊ दुकानात आले. मला वाटलं, तपासणीला आले असतील. सोमनाथ म्हणाला, "भाभी, मला काम शिकवा."

"कोणतं काम?"

"हेच. आमच्याकडं फाट्यावर बॅटरीवाला न्हाई. बॅटरी उतरली की जो तो पाना घेऊन बसतो. म्या बसलो तसाच. खाली अकोल्यात न्यायला कुनाला सवड न्हाई."

त्याची बायको या विचाराला तयार नव्हती. ज्याने डोळा घेतला तोच धंदा करणार का, म्हणून तिने दोन दिवस चूल पेटवली नव्हती, असं नामदेव म्हणाला. मीही नाहीच म्हटलं. तेव्हा हे खुर्चीतून म्हणाले, आणि आता यांचं बोलणं सगळ्यांना कळतं, "शमीम, ज्याला भीती माहीत आहे त्यालाच शिकव."

मी शिकवलं. नगरला नातेवाइकांकडे राहून तो रोज यायचा. बुचं उघडण्याआधी चष्मा. गाडीतून बॅटरी काढताना आधी निगेटिव्हची वायर सोडायची, बसवताना ती शेवटी. पान्याच्या दांड्याला पूर्ण टेप, म्हणजे घसरून टेकला तरी ठिणगी नाही. ॲसिड पातळ करायचंच असेल तर पाण्यात ॲसिड हळूहळू, ॲसिडात पाणी कधीच नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं. माझ्या दुकानात इतक्या निमूटपणे ऐकणारा माणूस दुसरा कुणी आला नाही.

यंदा त्याने फाट्यावर दुकान काढलं. आम्ही दोघं गेलो होतो. यांना घेऊन एवढा घाट चढणं सोपं नव्हतं, नामदेव स्वतः जीप घेऊन न्यायला आला. पत्र्याची खोली, आत दोन चार्जर. बाहेर डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपने आणून टाकीत सोडलेलं, अखंड चालू. नगरच्या माणसाला हेवा वाटावा असं पाणी. सोमनाथच्या बायकोने नारळ फोडला. तिचा चेहरा अजून घट्टच होता.

पहिलं गिऱ्हाईक आलं तो एक जीपवालाच. गाडी उतारावर उभी करून, बॅटरी हातात घेऊन तो थेट चार्जरपाशी गेला आणि बुचं उघडायला वाकला.

"मागं व्हा," सोमनाथ म्हणाला. "आधी चष्मा लावा."

"आरं, घाईत हाय. पाशिंजर बसलेत गाडीत."

"तरी बी लावा. न्हाई तर बॅटरी ठिवून बाहेर बसा."

"कालपतुर आपन एका स्टँडवर हुतो, आन् आज मला शिकवतो व्हय?" तो माणूस चिडला. बॅटरी उचलली आणि चालू लागला.

उद्घाटनाचा दिवस, पहिलं गिऱ्हाईक, आणि ते परत चाललेलं. सोमनाथची बायको नवऱ्याकडे बघत होती. नामदेव त्या माणसाला हाक मारायला पुढे झाला. सोमनाथने त्याला हातानेच थांबवलं.

"जाऊ दे दादा. चष्म्याबिगर म्या कुनाला हात लावू देनार न्हाई."

आम्ही चहा घेत बसलो. खाली उतारावर त्या माणसाने बॅटरी पुन्हा बसवली, गाडी ढकलायला प्रवासी उतरवले. गाडी घरघरली आणि थांबली. पुन्हा ढकलली, पुन्हा थांबली. मग थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

तो वर चढून आला तेव्हा घामाने निथळत होता. बॅटरी त्याने उंबऱ्याबाहेर ठेवली, कुणाकडे न बघता खुंटीवरचा चष्मा काढला आणि डोळ्यांना लावला.

सोमनाथच्या बायकोने त्या जीपवाल्यासाठी चहाचा कप भरला.